पत्ते वाटायच्या धक्क्यावरून

त्या दिवशी माझ्या हातात लांब दांड्याची, मासे काढायची जाळी होती आणि जाळीत पत्त्यांची बंद पाकिटं. ऑगस्टमधला शनिवार, सकाळचे साडेदहा. सेंट लॉरेन्स नदीच्या एका आडोशाच्या खाडीत, तरंगत्या धक्क्यावर आम्ही चौघं स्वयंसेवक उभे होतो. इथली माणसं तिला 'बे' म्हणतात. माझ्या तोंडी खाडीच येतं, कारण मी बाणकोटच्या खाडीकाठी वाढले. पाणी इतकं निवांत होतं की तळाचं शेवाळ आणि पाणगवत स्वच्छ दिसत होतं. समोर पाण्यात आडव्या पडलेल्या ओंडक्यावर कासवं ओळीनं ऊन खात बसली होती. मी मोजली, नऊ होती.

मग आवाज आला. बोटी दिसायच्या आधी तो पायाखालच्या फळ्यांत जाणवला.

पोकर रन म्हणजे काय ते आधी सांगते, कारण कॅनडात येईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. ही शर्यत नसते. ठरलेल्या मार्गावर पाच थांबे असतात. प्रत्येक थांब्यावर बोटीनं यायचं, एक पत्ता घ्यायचा आणि पुढं जायचं. संध्याकाळी जेवणाच्या मंडपात पाकिटं फोडतात आणि पाच पत्त्यांत ज्याचा डाव सरस त्याला बक्षीस. आपल्याकडे दिवाळीत तीन पत्ती खेळतात, तसाच हा नशिबाचा भाग. बदामची राणी मिळेल की किलवरची दुरी, हे बोट किती जोरात आली यावर ठरत नाही. तरीही जोरात येणं हाच या दिवसाचा खरा आनंद. चाळीस-चाळीस फुटांच्या लांबुडक्या बोटी, मागं दोन इंजिनं, दोन्ही मिळून हजार अश्वशक्तीच्या वर. मोकळ्या पाण्यात ताशी १६० किलोमीटरच्या पुढं जाणाऱ्या. त्या वर्षी साठेक बोटी होत्या. जमलेल्या पैशातला एक हिस्सा मुलांच्या उपचारांसाठीच्या निधीला जायचा. म्हणूनच मी नाव दिलं होतं. गावात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि ओळखी व्हायला हव्या होत्या.

आमचं गाव ओंटारिओत, थाउजंड आयलंड्सच्या पट्ट्यात. नाव हजार बेटांचं, पण बेटं अठराशेहून जास्त आहेत. काही बेटांवर वाडे आहेत, तर काहींवर दोन पाईन आणि एक खडक. कॅनडा आणि अमेरिकेची हद्द त्यांच्यातूनच वाकडीतिकडी जाते. बेटांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यात वाऱ्याला धावायला जागाच नसते, त्यामुळे तिथं मोठी लाट आपसूक उठत नाही. ही गोष्ट मला त्या वेळी महत्त्वाची वाटली नव्हती.

पहिली बोट आली. खाडीच्या तोंडाशी तिनं वेग कमी केला आणि मी जाळी पुढं केली. बोटीवरच्या बाईनं हसत पाकीट उचललं, "थँक यू, हनी" म्हणाली आणि बोट वळली. चालवणाऱ्यानं खटका पुढं सारला. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उचलली गेली, मागचा भाग पाण्यात रुतला आणि बोट काही क्षण तशीच नाक वर करून पाणी ढकलत राहिली. मग ती पाण्यावर सपाट झाली आणि सुसाट निघाली. ती दिसेनाशी झाल्यावर तिची लाट आमच्यापर्यंत पोचली. धक्का असा हलला की पाकिटांची पेटी मी गुडघ्यांत धरून बसले. ओंडक्यावर कासव उरलं नव्हतं.

दुसरी बोट मिनिटभरात आली. मग तिसरी. पंधराव्या-सोळाव्या बोटीनंतर पाण्याचा रंग बदलला. काठावरचं पाणकणीस, इथं त्याला कॅटटेल म्हणतात, मुळापासून पुढं-मागं होत होतं आणि त्याखालची काळी माती ढगासारखी वर येत होती. उपटलेल्या पाणगवताचे पुंजके धक्क्याला येऊन चिकटले. दुपारी एकला शेवटची बोट गेली, तेव्हा सगळी खाडी दूध घातलेल्या चहाच्या रंगाची झाली होती. संध्याकाळी मी मुद्दाम परत गेले. तेव्हाही तळ दिसत नव्हता.

मंडपात त्या रात्री एका आजोबांना चार राजे लागले आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. माणसं चांगली होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत कोणी दुष्ट नाही.

रविवारी बाबांना फोन केला. बाबांनी तीस वर्षं बाणकोटच्या खाडीत तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी बोट, चालवली. त्यांना मी खाडीच्या रंगाचं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, बोट पळते तेव्हा लाट कमीच असते. लाट असते ती थांबताना नि सुटताना. म्हणून तर मी जेटीच्या कितीतरी आधी मशीन बारीक करायचो. बांधलेल्या होड्या आपटून फुटायच्या ना." पुढं पावसाचं, आंब्याचं बोलणं झालं. त्यांचं ते वाक्य मला नीट कळायला आणखी महिना लागला.

सप्टेंबरात वाद पेटला. नदीकाठच्या घरवाल्यांनी पत्रकं वाटली. त्यावर लून पक्ष्याच्या वाहून गेलेल्या घरट्याचं चित्र होतं आणि खाली मागणी: पोकर रन कायमची बंद करा. लून इथला लाडका पक्षी. कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर १९८७ पासून तोच आहे, म्हणून नाण्यालाच 'लूनी' म्हणतात. तो चालायला फार अवघडलेला, म्हणून घरटं अगदी पाण्याच्या कडेला करतो. त्यामुळे चित्र पाहून कोणालाही पटावं. मलाही पटलं. वाचनालयाच्या सभागृहात बैठक झाली तेव्हा मी हात वर केला आणि सांगितलं, की मी वेळासच्या शेजारची आहे, आमच्याकडे कासवांची अंडी जपतात, आणि इथं माझ्या डोळ्यांदेखत कासवांची घरटी धुऊन जाताना पाहिली.

मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले. माझ्याच रस्त्यावर राहणारे, आयुष्यभर मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांना नदीवर नेलेले. ते शांतपणे म्हणाले, की इथली कासवं जूनमध्ये पाण्यापासून दूर, वर रेतीत किंवा खडीत अंडी घालतात. लूनची पिल्लं ऑगस्टपर्यंत पोहायला आणि बुडी मारायला शिकलेली असतात. ऑगस्टच्या लाटेनं घरटं वाहून जाईल कसं?

सभागृहात कुजबुज झाली. माझे कान तापले. मी घरटी पाहिली नव्हती. ओंडक्यावरची कासवं पाण्यात गेलेली पाहिली होती आणि बाकीचं मनानं जोडलं होतं. बैठक संपल्यावर मी त्यांच्याकडे गेले आणि चूक कबूल केली. ते म्हणाले, "ओंडक्यावर जी होती ना, त्यांचं बोल. त्यांना खरंच त्रास आहे."

त्यांच्यामुळे मला मॅप टर्टल कळलं. त्याच्या पाठीवर नकाशातल्या उंचवट्यांच्या रेघांसारख्या पिवळसर रेघा असतात, म्हणून ते नाव. नर तळहाताएवढा, मादी मात्र ताटाएवढी. मादीचे जबडे भक्कम असतात, ती शिंपले-गोगलगायी फोडून खाते. बाहेरून आलेल्या आणि इथल्या पाण्यात माजलेल्या झेब्रा शिंपल्यांवरही ती जगू लागली आहे. वयात यायलाच तिला दहा वर्षांहून जास्त लागतात. ओटावा विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंट लॉरेन्स आणि जवळच्या ओपिनिकन तलावातल्या कासवांवर अभ्यास करून २०१० मध्ये दाखवलं, की बोटीच्या पंख्याच्या जखमा मोठ्या माद्यांना इतरांपेक्षा जास्त होतात. इतक्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्यात वयात आलेली एक मादी गेली तर तिची जागा भरायला दशक जातं. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रनं अंडी जपायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या लहानपणी सगळं लक्ष अंड्यांवर आणि पिल्लांवर असायचं. इथं मला पहिल्यांदा कळलं की कधीकधी आईकडे पाहायचं असतं.

वाचनालयातल्या त्या बैठकीचं आणखी सांगायला हवं. मोटेल चालवणारी एक बाई म्हणाली, की त्या दोन रात्रींच्या भाड्यात तिचं नोव्हेंबर-डिसेंबरचं हीटिंगचं बिल निघतं. ती हे ओरडून बोलली नाही, नुसतं सांगून खाली बसली. काठावरचे एक घरमालक २०१७ आणि २०१९ च्या पुराबद्दल बोलले. तेव्हा ओंटारिओ सरोवर आणि नदीचा वरचा भाग इतका चढला होता की लोकांनी महिनोन्महिने वाळूच्या पोत्यांच्या भिंती सांभाळल्या. त्यांच्या अंगणाचा काही भाग तेव्हाच नदीत गेला. ज्यानं असं अंगण जाताना पाहिलं आहे, त्याला प्रत्येक लाट वेगळीच दिसते. कोणीतरी पेट्रोलचा हिशेब काढला. इंजिन पूर्ण जोरात असलं की अश्वशक्तीच्या दहाव्या हिश्श्याइतकी गॅलनं तासाला जातात असा ढोबळ आडाखा आहे. म्हणजे हजार अश्वशक्तीच्या बोटीला तासाला ३८० लिटरच्या आसपास, आणि लिटरमागं सव्वादोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड. आकडा ऐकून खोली गप्प झाली.

त्यावर बोटवाल्यांमधला एक जण उभा राहिला. पेशानं मेकॅनिक, बोट स्वतः जुनी घेऊन सात हिवाळे खपून बांधलेली. तो म्हणाला, "आम्ही वर्षातून एक दिवस येतो. तुमच्यातल्या निम्म्या घरांच्या धक्क्याला वेकबोट बांधलेली आहे. तिच्या पोटात पाणी भरून तुम्ही मुद्दाम मोठी लाट काढता, पोरं त्यावर फळीवर उभी राहतात, आणि हे सगळा उन्हाळा चालतं. शिवाय १९५९ पासून या नदीतून सव्वादोनशे मीटरची मालवाहू जहाजं जातात. त्यांना कोणी पत्रक वाटलं का?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पेट्रोलवाल्याचंही खोटं नव्हतं, आणि मोटेलवाल्या बाईचं तर नव्हतंच. पण सगळे आपापल्या ठिकाणी खरे असताना त्या खाडीतल्या मातीबद्दल कोणीच बोलत नव्हतं. एका बाजूला 'बंद करा', दुसऱ्या बाजूला 'हात लावू नका'. मला बाबांचं बोलणं आठवलं: थांबताना नि सुटताना.

मी मेकॅनिकला बाहेर पार्किंगमध्ये गाठलं. विचारलं, की तुमची बोट घेऊन एक सकाळ त्या खाडीत याल का, मला लाट मोजायची आहे. तो आधी माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पेट्रोल तुझं का माझं?" मी म्हटलं अर्धं-अर्धं. तो आला.

सप्टेंबरच्या शेवटी, वारा नसलेल्या एका सकाळी आम्ही काठाजवळ गुडघाभर पाण्यात एक लाकडी खुंट ठोकला. त्यावर दर पाच सेंटीमीटरला रंगाची रेघ. समोर तिपाईवर मोबाईल. म्हातारे गृहस्थ आपल्या ॲल्युमिनियमच्या छोट्या बोटीत पहाऱ्याला. मेकॅनिकनं आधी बाहेरच्या मोठ्या पात्रातून, पूर्ण वेगात बोट नेली. आवाजानं बगळे उडाले, पण खुंटापाशी लाट आली ती पंधरा सेंटीमीटरची. मग तो अगदी हळू, इंजिन नुसतं फुरफुरत ठेवून खाडीत आला: पाच सेंटीमीटर, तीही धड नाही. मग धक्क्यापाशी थांबून, त्या शनिवारी साठ जणांनी जसं केलं तसंच, खटका पुढं सारून सुटला. लाट पंचावन्नच्या रेघेवरून गेली आणि खुंटाच्या मागच्या काठाची माती कोसळलेली मी पाहिली.

मेकॅनिक परत आला आणि मोबाईलवर तो तुकडा त्यानं तीन वेळा पाहिला. नंतर त्यानं मला त्याचं कारण समजावलं. बोट सावकाश असते तेव्हा ती पाण्यात बसलेली असते, फार पाणी हलवत नाही. पूर्ण वेगात ती पाण्यावर घसरते, तळाचा थोडाच भाग भिजतो, तेव्हाही लाट तुलनेनं लहान. या दोन्हींच्या मधे, नाक वर करून स्वतःच्याच लाटेवर चढायची धडपड चाललेली असते, तेव्हा ती सर्वांत जास्त पाणी रेटते. शिवाय मोठ्या पात्रातली लाट लांबून येता येता विरते, धक्क्यापासची विरायला जागाच नाही. आमची मोजणी एका सकाळची, एका खुंटाची. ती शास्त्र नव्हे हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पण ती आम्ही तिघांनी एकत्र केली होती आणि खुंटावरचे आकडे बोटवाल्यानं स्वतःच्या तोंडानं वाचले होते. माझ्या मते, पुढं जे काही घडलं ते या एका गोष्टीमुळे.

आता नगर परिषद. इथं कोणालाही परिषदेपुढं बोलता येतं, पण आधी क्लार्कच्या कार्यालयात अर्ज द्यावा लागतो: नाव, पत्ता, विषय, परिषदेनं नेमकं काय करावं असं म्हणणं आहे, आणि दाखवायचं काही असेल तर तेही आधीच. मुदत चुकली की पुढच्या बैठकीपर्यंत थांबा. बोलायला पाच मिनिटं. मी घरी आरशापुढं घड्याळ लावून सराव केला. पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली. जे कापलं त्यात पेट्रोल गेलं, लून गेला, वेळासही गेलं. उरली ती खाडी, खुंट, आणि 'परिषदेनं नेमकं काय करावं' या रकान्यातलं एक वाक्य.

त्या वाक्यासाठी मला कायदा वाचावा लागला. मला वाटत होतं की गावापुढची नदी गावाची असते. तसं नाही. नौकानयन आणि जहाज वाहतूक हा कॅनडात १८६७ च्या घटना कायद्यापासून केंद्राचा विषय आहे. पाण्यावर बोटीनं किती वेगानं जायचं, हे गाव ठरवू शकत नाही. ओंटारिओत काठापासून ३० मीटरच्या आत ताशी १० किलोमीटरची मर्यादा आहे, पण तीही केंद्राच्याच नियमांतली. म्हणजे 'पोकर रन बंद करा' ही मागणी परिषदेपुढं नेण्यात काही अर्थच नव्हता. परिषदेच्या हातात होता तो गावाचा धक्का, धक्क्यालगतची बाग, वाहनतळ आणि रात्रीच्या गाण्याबजावण्याची परवानगी. आयोजकांना हे सगळं हवं असतं. मग त्याच परवान्यात अटी घालता येतात. मी लिहिलं: 'धक्का आणि बाग देताना अशी अट घालावी की पत्त्यांचा एकही थांबा उथळ, पाणगवत असलेल्या खाडीत असणार नाही.'

नोव्हेंबरात माझी पाळी आली. बाहेर पहिला बर्फ पडत होता. व्यासपीठावर सात जण, मागं साठ-सत्तर गावकरी. माझ्या आधी काठच्या घरवाल्यांचा प्रतिनिधी बोलला आणि बंदीच मागितली. एका सदस्यानं त्यांना विचारलं, की ती आमच्या अधिकारात आहे का, आणि त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मग मी. हात थरथरत होते म्हणून कागद टेबलावरच ठेवला. मोबाईलवरचे तिन्ही तुकडे पडद्यावर दाखवले, एक शब्द न बोलता, चाळीस सेकंद. पाच सेंटीमीटर, पंधरा, पंचावन्न. मग माझं एक वाक्य वाचलं. महापौरांनी विचारलं, "ही बोट कोणाची?" मागून मेकॅनिक उभा राहिला आणि म्हणाला, "माझी. आणि ती म्हणते ते बरोबर आहे. थांबा कुठं आहे यानं आमचं काही बिघडत नाही."

लगेच निर्णय झाला नाही. प्रशासनानं अहवाल द्यावा असं ठरलं. अहवाल जानेवारीत येणार होता तो फेब्रुवारीत आला. त्या तीन महिन्यांत मला सगळ्यांत जास्त त्रास झाला तो माझ्याच बाजूच्या लोकांचा. घरवाल्यांच्या गटातल्या एका बाईंनी दुकानात माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांचं म्हणणं, की मी तडजोड करून बंदीची संधी घालवली. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की ती संधी कधी नव्हतीच. त्यांना ते पटलं नाही, आणि त्यांच्या दुःखाचं मूळ त्यांच्या वाहून गेलेल्या अंगणात आहे हे कळत असल्यानं मला रागही धरता येईना. मार्चमध्ये मतदान झालं. अटी मंजूर झाल्या, चारास तीन.

एप्रिलमध्ये आयोजकांबरोबर नकाशा उघडून बसलो: दोघं आयोजक, मेकॅनिक, म्हातारे गृहस्थ आणि मी. पाण्याच्या खोलीचा सरकारी नकाशा टेबलभर पसरलेला. पाचपैकी तीन थांबे आधीच ठीक होते. चौथा, गावाच्या काँक्रीटच्या धक्क्यावर हलवला. तिथं खाली खडक आहे आणि बंदराच्या तोंडाशी खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या बोयापर्यंत सगळ्यांना सावकाशच यावं लागतं. पाचवा, म्हणजे माझी खाडी, तिथल्याऐवजी बाहेरच्या खोल पाण्यात नांगरलेल्या सपाट बोटीवर. आयोजकांची एकच शंका होती: उघड्या पाण्यात वारा सुटला तर जाळीनं पाकीट देता येईल का? मी म्हटलं, मी देईन.

आणि दिली. दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टात मी त्या नांगरलेल्या बोटीवर सात तास उभी होते. वारा होता. दोन पाकिटं पाण्यात गेली, ती आम्ही परत काढली आणि ओली पाकिटं बदलून दिली. लाटा आम्हालाच बसत होत्या, पण खाली पंधरा मीटर पाणी होतं. मेकॅनिकची बोट आली तेव्हा त्यानं खाडीच्या दिशेनं बोट दाखवलं. तिथं म्हातारे गृहस्थ आपल्या ॲल्युमिनियमच्या बोटीत, टोपी डोळ्यांवर ओढून बसले होते. संध्याकाळी त्यांनी सांगितलं: तळ दिवसभर दिसत होता. आवाजानं कासवं दोनदा पाण्यात गेली, दोन्हीदा परत आली. आवाजाचं आम्ही काहीच करू शकलो नाही, हे मला त्या दिवशीही बोचत होतं आणि अजूनही बोचतं.

पण मेकॅनिकनं पहिल्या बैठकीत विचारलेला प्रश्न मागं राहिला होता. खाडीत उन्हाळाभर वेकबोटी येतातच. पोकर रनचा एक शनिवार सुटला, उरलेले शनिवार तसेच. केंद्राकडून एखाद्या पाण्यावर वेगाची मर्यादा किंवा लाट न उठवण्याचा नियम आणता येतो. त्यासाठी गावानं अर्ज करायचा असतो. अर्जात अडचण काय आहे, साध्या उपायांनी, म्हणजे पाट्या लावून, लोकांना समजावून ती का सुटत नाही, हे दाखवावं लागतं. शिवाय ज्यांच्यावर परिणाम होईल त्या सगळ्यांशी बोलणं झालं आहे, हे लिहून द्यावं लागतं. सगळ्यांशी म्हणजे खाडीकाठच्या तेवीस घरांशी. यातल्या बऱ्याच घरांनी पोकर रन बंद करायच्या अर्जावर सह्या केल्या होत्या.

गेल्या जूनपासून मी रविवारी दुपारी एकेका घरी जाते. अकरा घरं झाली. सातांनी हो म्हटलं, दोघांनी दार बंद केलं, दोघं विचार करतो म्हणाले. विचार करतो म्हणणाऱ्यांपैकी एक गृहस्थ मागच्या रविवारी भेटले. त्यांच्या धक्क्याला नवी वेकबोट बांधलेली, तिच्यावर नातवंडांच्या लाइफजॅकेटांची रांग वाळत घातलेली. मी कागद पुढं केला तर म्हणाले, "ही पोरं वर्षातले सहा आठवडे येतात. त्यांना मी काय सांगू?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. त्यांच्या पत्नीनं लिंबाचं सरबत आणून दिलं. थोड्या वेळानं मी विचारलं, की बाहेरच्या मोठ्या पात्रात फळीवर उभं राहता येईल ना? ते म्हणाले, येईल, पण तिथवर जायला दहा मिनिटं लागतात. मग गप्प बसले.

आम्ही धक्क्याच्या टोकाशी गेलो. पाणी निवांत होतं. ओंडक्यावर सात कासवं होती, टोकाला सर्वांत मोठी मादी. तिच्या कवचाच्या मागच्या कडेला, भरून आलेली एक जुनी, सरळ खाच होती. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी मागं वळून नातवाला हाक मारली, की ये इकडे, आवाज न करता ये.